वन्स मोअर नेमका कुणाचा? संगीत नाटक आणि सिस्टीम्स थिअरी

ओसरीवरचा (धागाकर्ता)

नवनिर्मितीचा विषय निघाला की आपण एका माणसाचं नाव घेतो आणि मोकळे होतो. अमक्या बुवांना चाल सुचली, तमक्याने नाटक लिहिलं. प्रतिभा, देवाची देणगी, पूर्वजन्मीचं संचित. विषय संपला. मला हे बरेच दिवस खटकतंय, म्हणून हा धागा.

मिहाय चिकसेंटमिहायी नावाच्या हंगेरियन-अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८८ मध्ये एक 'सिस्टीम्स मॉडेल' मांडलं. सर्जनशीलता म्हणजे काय, हे विचारायच्या आधी ती असते कुठे ते विचारा, असा त्याचा रोख. त्याच्या मते ती तीन ठिकाणी मिळून असते. पहिलं डोमेन, म्हणजे त्या कलेत आजवर साठलेला सगळा ऐवज : राग, ताल, वृत्तं, संकेत, युक्त्या. दुसरा माणूस, जो त्यातलं काही उचलून त्यात फेरफार करतो. तिसरं फील्ड, म्हणजे तो फेरफार ठेवायचा की फेकायचा हे ठरवणारी मंडळी : गुरू, कंपनीचे मालक, समीक्षक, प्रेक्षक. फील्डने पास केलेला फेरफार डोमेनमध्ये जमा होतो आणि पुढच्या माणसाला आयता मिळतो.

नुसतं वाचलं तर मिळमिळीत वाटतं. आपल्या संगीत नाटकाला लावून बघितलं की मजा येते.

३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल'चे पहिले चार अंक केले. पूर्ण नाटकात दोनशेच्या आसपास पदं. एवढ्या चाली आणल्या कुठून? साकी, दिंडी या जुन्या वृत्तांच्या, कीर्तनातल्या, लावण्यांच्या, कानडी पदांच्या. बहुतेक सगळा ऐवज आधीच लोकांच्या कानात होता. नवीन काय केलं, तर पात्रांना स्वतः गायला लावलं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत जी पद्धत घातली तिच्यात गाणं मुख्यतः सूत्रधाराकडे. म्हणजे सुटे भाग जुने, जोडणी नवी.

छापील नाटकांत हे उघड दिसतं. पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि कंसात 'चाल' म्हणून दुसऱ्याच एखाद्या गाण्याचे पहिले शब्द. आज कुणी असं छापलं तर चोरीचा कबुलीजबाब ठरेल. तेव्हा ती गाणाऱ्याची सोय होती. ते गाणं येतं ना, मग हे पद त्यावर म्हण.

तिथून १९११ चं 'मानापमान'. खाडिलकरांचं नाटक, चाली गोविंदराव टेंब्यांच्या, आणि त्यात उत्तरेकडच्या ठुमरी-कजरीचा रंग. मग १९१६ चं 'स्वयंवर', भास्करबुवा बखल्यांनी थेट रागदारी बंदिशींवर बांधलेलं. पाच वर्षांत साकी-दिंडीचं वजन ओसरून ख्यालाचा अंमल सुरू झाला. हा वेग मला एकेकट्याच्या प्रतिभेने उलगडत नाही. माझ्या मते इंजिन होतं वन्स मोअर.

पद संपतं. पिटातून आरोळी येते. ऑर्गनवाला पुन्हा सूर भरतो, तबलजी ठेका धरतो. गाणारा तेच पद परत घेतो, पण जसंच्या तसं नाही. मघाशी ज्या जागेवर 'वाहवा' आली तिथे आता दोन आवर्तनं जास्त रेंगाळतो. जी तान थंड गेली ती गाळतो. तिसऱ्या खेपेला आणखी काहीतरी. दुसऱ्या दिवशी खेळ पुढच्या गावी, आणि ती रेंगाळलेली जागा आता पदाचा कायमचा भाग. कादंबरीवाल्याला वाचकाचं मत कळायला वर्ष लागतं, गायकनटाला ते त्याच बैठकीत, गळा तापलेला असतानाच कळत होतं.

तर माझं म्हणणं असं की चाल संगीतकाराने दिली, पण नाट्यसंगीत ज्याला म्हणतो ते या चक्रात घडलं. मतं येऊ द्या.

खडूस_काका

छान. म्हणजे चार आण्याचं तिकीट काढून ओरडणारा पिटातला गडी आणि भास्करबुवा एका पंक्तीला. अहो, तो आरोळी कशावर देणार? आधी चाल असावी लागते ना! वन्स मोअर टुकार पदालाही मिळाले असतीलच, ती पदं कुठे गेली?

तुमचं मॉडेल निवड कशी झाली ते सांगतं. सुचलं कसं, ते नाही सांगत. मला सुचण्यात रस आहे. निवडीत म्युनिसिपालटीला असतो.

मधली_सुट्टी

काकांना प्लस वन, पण त्या शेवटच्या वाक्यासाठी फक्त.

पीआयडी

चाकणला कंट्रोल सिस्टीम्समध्ये भाकरी खातो, त्यामुळे राहवत नाही.

ओसरीवरचे, तुम्ही फीडबॅक म्हणता तेव्हा कुठला ते सांगा. दोन जाती आहेत. निगेटिव्ह फीडबॅक म्हणजे यंत्रणा ठरलेल्या जागेपासून हलली की तिला परत ओढणारा. पॉझिटिव्ह म्हणजे जिकडे हलली तिकडेच आणखी ढकलणारा. पॉझिटिव्हचा अर्थ 'चांगला' असा अजिबात नाही. नॉर्बर्ट वीनरच्या १९४८ च्या 'सायबरनेटिक्स' (यंत्रणांच्या नियंत्रणाचं शास्त्र) या पुस्तकापासून ही भाषा रूढ आहे आणि तेव्हापासूनच लोक तिचा घोळ घालत आलेत. नाट्यगृहात माइक स्पीकरच्या तोंडाशी गेला की जी शिट्टी कानठळ्या बसवते, तो पॉझिटिव्ह फीडबॅक.

तुमचा वन्स मोअर तसाच आहे. दाद मिळाली की गाणं लांबतं, लांबलेल्या गाण्याच्या आशेने गाण्याचे शौकीन जास्त येतात, ते जास्त दाद देतात, गाणं आणखी लांबतं. याला आतून ब्रेक नाही. म्हणून तर खेळ पहाटेपर्यंत चालायचे. बाहेरचे ब्रेक तीनच : गळा, उजाडणं आणि पैसा. त्यातले पहिले दोन लगेच जाणवतात, तिसरा फार उशिरा. बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत तबल्याला थिरकवा आणि सारंगीला कादरबक्ष होते, उंची शालू, अत्तरं, देखावे वेगळेच. थिएटर भरलंय, आरोळ्या येतायत, म्हणजे सगळं उत्तम चाललंय असं त्या जवळच्या लूपमधून दिसत राहतं, आणि कर्जाचा लांबचा लूप मागून फिरत येत असतो. लूपमध्ये असा डिले असला की यंत्रणा हेलकावे खाते किंवा कोसळते. आमच्याकडे त्याला बॉयलर जातो, तिथे कंपनी गेली.

नाटकातलं 'नाटक' कुठे गेलं, हा प्रश्नही इथेच येतो. शकुंतलेला दुष्यंताची आठवण येतेय आणि लोक तिसऱ्यांदा वन्स मोअर देतायत. कथानक तिथेच ताटकळत उभं.

ओसरीवरचा

पीआयडी, जबरी. कर्जाच्या लूपला डिले आहे, हे डोक्यात आलंच नसतं.

काका, टुकार पदं गाळली गेली, हेच तर फील्डचं काम. 'शाकुंतल'मधल्या दोनशेपैकी आज मैफलीत किती ऐकू येतात? बोटावर मोजण्याइतकी. सुचण्याबद्दल मात्र तुमचा आक्षेप रास्त आहे, मॉडेल तिथे पातळ होतं.

तंबोरा_खाली

सुचण्याबद्दल मी लिहिते, कारण त्यासाठी भास्करबुवांसारखं उदाहरण नाही.

माणूस ही चौकट आपण रिकामी ठेवतोय. ती रिकामी नसते, तिच्या आत आणखी एक यंत्रणा असते. हॉवर्ड ग्रुबर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये डार्विनच्या वह्या तपासून हेच दाखवलं होतं. एका क्षणी वीज चमकली असं नाही, अनेक धागे वर्षानुवर्षं शेजारीशेजारी चालू होते आणि एकमेकांत अडकत होते.

बुवांचे धागे बघा. लहानपणी किर्लोस्कर मंडळीत मुलगा म्हणून, स्त्रीपार्टी म्हणून. आवाज फुटला, कंपनी सुटली. मग बडोद्यात फैज महंमद खाँ, म्हणजे ग्वाल्हेर. पुढे नत्थन खाँ, म्हणजे आग्रा. त्यानंतर अल्लादिया खाँ, म्हणजे जयपूर. ज्या काळात एका घराण्याची चीज दुसऱ्याच्या कानावर पडू नये म्हणून उस्ताद दार लावून घेत, त्या काळात या माणसाच्या गळ्यात तीन घराणी. आणि त्यांच्याआधी, पोरवयात, रंगमंच. पद कधी येतं, पात्र कुठे उभं असतं, प्रेक्षक कधी चुळबुळतो, हे त्याला पाठांतराच्या वयातच कळलेलं.

रॉस ॲशबी नावाच्या सायबरनेटिक्सवाल्याचा एक नियम आहे : बाहेरच्या परिस्थितीत जितकं वैविध्य, तितकं तरी वैविध्य तिला तोंड देणाऱ्याजवळ हवं. 'स्वयंवर'ला असा माणूस लागणार होता ज्याला पाच-सात मिनिटांच्या पदासाठी ख्यालातला नेमका कुठला अवयव कापून आणायचा ते ठाऊक आहे. एकाच घराण्याचा गवई असता तर सगळी पदं एका तोंडवळ्याची झाली असती. नुसता नाटकवाला असता तर बंदिशी हाती लागल्या नसत्या.

त्यात समोर बालगंधर्वांचा गळा. चाल बांधताना तो गळा बुवांच्या कानात असणारच. रुक्मिणीच्या पदांना जो ठेहराव आहे तो त्या गळ्याला साजेसा आहे. तेच पद कुणी आक्रमक गळ्याचा माणूस घेतो तेव्हा कुठेतरी दाटतं, विद्यार्थ्यांना शिकवताना हे रोज दिसतं. मुलं ताना पटापट उचलतात, पण दोन ओळींच्या मधे गंधर्व जो श्वास सोडतात तिथे त्यांना घाई होते. ती जागा नोटेशनमध्ये नाही. ती फक्त कानाने पुढे जाते.

तेव्हा काका, सुचणं गूढ राहू द्या, पण कुणाला सुचू शकतं याचं गूढ बरंच कमी करता येतं.

खडूस_काका

तंबोराताई, एवढं लिहून तुम्ही माझंच म्हणणं सिद्ध केलंत! माणूस महत्त्वाचा. तीन घराण्यांचा माणूस एकच होता.

तंबोरा_खाली

एकच होता, पण तो कंपनीने नाकारला म्हणून घराण्यांकडे गेला, आणि रंगभूमीनेच परत बोलावला म्हणून 'स्वयंवर' झालं. आवाज फुटला नसता तर?

मधली_सुट्टी

मॉडेलमध्ये 'आवाज फुटणे' हा चौथा घटक टाका.

एक मुद्दा माझाही. रेकॉर्डचा. भारतात गाणी ध्वनिमुद्रित व्हायला १९०२ मध्ये सुरुवात झाली आणि थोड्याच वर्षांत नाटकांची पदं तबकड्यांवर आली. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. रेकॉर्डला वन्स मोअर दिला तर काय होतं? पिन उचलून पहिल्यापासून ठेवायची, तेच गाणं हुबेहूब पुन्हा. ऐकणाऱ्याची दाद गाणाऱ्यापर्यंत पोचतच नाही. पोचते ती विक्रीच्या आकड्यातून, कंपनीमार्फत, महिन्यांनी.

पीआयडींच्या भाषेत, लूप तोडला आणि डिले घातला. पण गंमत अशी की त्यामुळे चाल गोठली. जी तबकडीवर तीच 'खरी'. आज स्पर्धेत कुणी वेगळी जागा घेतली की परीक्षक म्हणतात, मूळ असं नाही. मूळ म्हणजे काय, तर त्या दुपारी स्टुडिओत साडेतीन मिनिटांत जे बसलं ते.

ओसरीवरचा

हे भारी आहे. आणि तरी गोठलेल्या चालीलाही फाटे फुटले. 'मानापमान' बलवंत संगीत मंडळीने केलं तेव्हा दीनानाथांनी काही पदांच्या चाली पार बदलल्या, आणि त्यातल्या काही बाबतीत आज लोकांच्या ओठावर दीनानाथांचीच चाल आहे. दोन कंपन्या म्हणजे दोन फील्ड. एक गंधर्वांच्या नाजुकाईवर जीव टाकणारं, दुसरं तडफेवर.

अजून एक. १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट आला. त्यात हरिश्चंद्र कोण आणि संगीत कोणाचं? गोविंदराव टेंबे. ज्यांनी 'मानापमान'च्या चाली दिल्या तेच. यंत्रणा कोसळली म्हणतो आपण, पण तिच्यातला माणूस सगळा ऐवज काखोटीला मारून शेजारच्या यंत्रणेत गेला.

शुद्धमती

नाट्यशास्त्राची विद्यार्थिनी आहे, उशिरा आले, सगळं वाचलं. १९३३ राहिलं.

१ जुलै १९३३, नाट्यमन्वंतर या संस्थेचं 'आंधळ्यांची शाळा'. गाणी मोजकी, स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांकडे, घरात बोलावं तसं बोलणं, केशवराव भोळ्यांचं संगीत. याला सिस्टीम्सच्या नजरेतून बघितलं तर काय दिसतं? सिस्टीम्सची अभ्यासक डोनेला मेडोज सांगायची की यंत्रणेत आकडे फिरवून फार काही हलत नाही, नियम आणि उद्दिष्ट बदललं तर हलतं. गाण्यांची संख्या दोनशेवरून पन्नाशीवर आली होती, ते आकडे फिरवणं झालं. नाट्यमन्वंतरने उद्दिष्ट बदललं. प्रेक्षक गाणं ऐकायला येत नाही, या घरात काय होतं ते बघायला येतो. उद्दिष्ट बदललं की वन्स मोअरला जागाच राहत नाही, कुणी बंदी न घालता.

लोकप्रियतेच्या हिशेबात हा प्रयोग टिकला नाही. संस्था लवकर मोडली. पण डोमेनमध्ये शिल्लक राहिला.

आणि त्यानंतर तीस वर्षांनी, १९६४ मध्ये, 'मत्स्यगंधा'. संगीत जितेंद्र अभिषेकीबुवांचं. मंगेशीचे, घराण्यांची तालीम अनेक गुरूंकडे (तंबोराताईंचा ॲशबी इथे पुन्हा भेटतो), आणि मुंबई आकाशवाणीवर नोकरी केलेले. माझा अंदाज आहे की आकाशवाणीचं घड्याळ त्या पदांत ऐकू येतं. राग पहिल्या ओळीत स्पष्ट, पद आटोपशीर, कथानकाला खोळंबा नाही. १९६७ च्या 'कट्यार'मध्ये तर घराण्याचं दार बंद ठेवणं हेच नाटक झालं. यंत्रणेची बंद सीमा हाच विषय!

परीक्षकांबद्दल मधली_सुट्टी यांनी लिहिलंय ते अगदी जवळून बघतेय. आमच्याकडे एकांकिका लिहितानाच बोललं जातं : हे परीक्षकांना पोचेल का? प्रेक्षक त्या वाक्यात नसतातच. फील्ड तीन खुर्च्यांचं झालं की नाटकही तीन खुर्च्यांपुरतं होतं.

खडूस_काका

शुद्धमती, शाब्बास. शेवटच्या दोन वाक्यांपुरता मी सिस्टीम्स थिअरीवाला.

फोंड्याचो

नमस्कार मंडळी. पेटी वाजवतो. देवळाच्या उत्सवांत, गावच्या संगीत नाटकांना.

तुम्ही सगळे कोसळलं, गोठलं म्हणताय. आमच्या गोव्यात उत्सवाला गावचेच लोक 'सौभद्र', 'संशयकल्लोळ' अजून उभं करतात. कृष्ण बँकेत असतो, सुभद्रा शाळेत शिकवते, अर्जुनाला गाता येतं म्हणून तो अर्जुन. वन्स मोअर अजून येतो. पण पीआयडी म्हणाले तसं गाणं लांबतच जात नाही, त्याचं कारण सांगतो.

पहिल्या ओळीत चार-पाच म्हातारे बसतात. त्यांनी ही पदं लहानपणापासून ऐकलेली. गाणारा भलतीकडे वळला की त्यातला एक जण मान हलवत नाही, फक्त उजवा हात जरा वर धरून थांबवतो. बस्स. स्टेजवरून ते दिसतं. मला पेटीवरून जास्त दिसतं, मग मी सूर धरून ठेवतो आणि गाणाऱ्याला परत आणतो. मागून पोरं वन्स मोअर ओरडत असतात, पुढून हा हात. दोन्ही एकाच वेळी.

पीआयडी

फोंड्याचे बाब, तुम्ही एका परिच्छेदात माझा व्यवसाय सांगितलात. मागची रांग पॉझिटिव्ह, पुढची निगेटिव्ह, आणि तुम्ही मधे कंट्रोलर. म्हणून यंत्रणा टिकलीय. पण मग नवीन काही येतं का तिथे? निगेटिव्ह फीडबॅक टिकवतो, घडवत नाही.

खडूस_काका

हाच प्रश्न मलाही. नाहीतर ते लोणचं झालं, बरणीतलं.

फोंड्याचो

काका, लोणचं मुरतंही. पण प्रश्न बरोबर आहे. नवीन येतं, पण दारातून नाही.

नवीन नाटक उत्सवाला लावा म्हटलं तर समितीत कोणी हो म्हणणार नाही. नवीन संहितेत जुन्या चालीवर पद असलं तर चालतं, कुणी विचारत नाही. अगदी तुम्ही वर लिहिलंय तसं, कंसात चाल लिहूनच आमच्या वह्या असतात. पूर्ण नवी चाल आणायची तर पहिल्या अंकात आणू नये. तेव्हा म्हातारे ताजे असतात. तिसऱ्या अंकात, रात्री दोनच्या पुढे, चांगल्या गाणाऱ्याकडे द्यायची. हात वर गेला नाही तर पुढच्या वर्षी ती दुसऱ्या अंकात घ्यायची. अशी दोन पदं आमच्या गावात बसली आहेत, आता ती नाहीत असं 'सौभद्र' केलं तर लोक विचारतात गाळलं का म्हणून.

शुद्धमती

ही पदं बांधली कुणी?

फोंड्याचो

एक आमच्या तबलजीने. दुसरं नक्की कुणाचं ते ठरत नाही. मुखडा एकाचा, अंतरा गाणाऱ्या बाईंनी प्रयोगातच वळवला आणि मग तोच राहिला. दोघेही म्हणतात दुसऱ्याचं.

तंबोरा_खाली

बाब, तो अंतरा रेकॉर्ड करून ठेवला आहे का? की मधली_सुट्टी यांच्या भीतीने ठेवला नाही?

फोंड्याचो

मोबाईलवर गेल्या तीन उत्सवांचा आहे. तिन्ही वेगळे. चढवतो, पण त्यातलं मूळ कुठलं ते विचारू नका.